आरएक्सचं इंजिन बोअर केलं, पुढे काय? पहिले पाचशे किलोमीटर आणि कार्बोरेटरचा जेट, दोन्ही सांभाळा नाहीतर पिस्टन पुन्हा जाम

लासूर स्टेशन (प्रतिनिधी) : कापसाचे, कांद्याचे दोन पैसे हातात आले की आपल्याकडे गॅरेजवर जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची रांग लागते. कुणाची आरएक्स-१००, कुणाची शोगन, कुणाची मॅक्स. बापाच्या काळातली गाडी शेडमधून बाहेर काढायची, इंजिन बोअर करायचं, नवीन पिस्टन टाकायचा, जमलं तर पोर्टिंग आणि चेंबर पाईप. इथपर्यंत सगळं हौसेने होतं. मग पोरगं पहिल्याच दिवशी फुल रेस देऊन देवगाव रंगारीपर्यंत जाऊन येतं आणि आठ दिवसांत गाडी टेम्पोत घालून परत मिस्तरीकडे. बोअर, पिस्टन, रिंग, मजुरी धरली तर जवळपास एका क्विंटल कापसाचे पैसे असे पाण्यात जातात. मिस्तरी म्हणतो रनिंग नीट केलं नाही, पोरगं म्हणतं मिस्तरीने काम नीट केलं नाही. पुष्कळदा दोघांचंही थोडं थोडं खरं असतं.

या गाड्यांचं वेड आपल्याकडे का आहे, हे वेगळं सांगायला नको. यामाहा आरएक्स-१०० भारतात आली १९८५ साली, आणि त्याच साली आपल्या गंगापूर तालुक्यात वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. म्हणजे एका हॉर्सपॉवरमागे ओढायला जेमतेम नऊ-दहा किलो. १९९६ मध्ये ती बंद झाली, पण गावातून काही गेली नाही. दूधवाल्यांची बजाज एम-८० पण टू-स्ट्रोकच होती. पुणे, नाशिक भागात मातीवरच्या डर्ट शर्यती होतात, त्यात हीच जुनी इंजिनं वाढवून पळवत आलेत. त्याचे व्हिडिओ मोबाईलवर बघून आपल्याकडच्या पोरांना नाद लागतो. नाद करा, पण इंजिन समजून घेऊन करा.

टू-स्ट्रोक नाजूक कशामुळे

फोर-स्ट्रोक गाडीत खाली ऑइल भरलेलं असतं, ते पंपाने वर फिरत राहतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या खोलीत असं ऑइल नसतंच. पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या खोलीत येते, तिथून पोर्टमधून वर पिस्टनच्या डोक्यावर जाते. त्या पेट्रोलबरोबर जे टू-टी ऑइल येतं, तेच बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडला आणि पिस्टनला मिळतं. खाली गिअरचं ऑइल असतं ते फक्त गिअर आणि क्लचसाठी, त्याचा पिस्टनशी संबंध नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पेट्रोल कमी आलं तर ऑइलही कमी आलं. शिवाय आत येणारं पेट्रोल इंजिन थंडही करत असतं. म्हणून पेट्रोल कमी पडलं की दुहेरी मार बसतो, वंगण कमी आणि उष्णता जास्त. पिस्टन असतो अॅल्युमिनियमचा आणि सिलिंडरची आतली स्लीव्ह बिडाची. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोघांमध्ये फट ठेवलेली असते मिलिमीटरच्या काही शतांशाची. पिस्टन जास्त तापला की ती फट संपते, पिस्टन स्लीव्हला घासतो, चिकटतो. यालाच आपण गाडी सीज झाली म्हणतो. चालत्या गाडीत हे झालं तर मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं आणि माणूस रस्त्यावर फेकला जातो. पैशाचं नुकसान परवडलं, हे परवडत नाही. म्हणून नवीन इंजिन असेपर्यंत डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवा. आवाज बदलला किंवा गाडी कुणीतरी मागून ओढल्यासारखी वाटली की लगेच क्लच दाबा आणि बाजूला घ्या.

गाडी ताब्यात घेण्याआधी

बोअरचं काम लेथवर होतं, ते आपल्या हातात नाही. पण चार गोष्टी तुम्ही उभं राहून विचारू शकता. पिस्टन किती साईजचा टाकला? मूळ बोअर ५० मिलिमीटरचा, त्यावर २५, ५०, ७५ आणि १०० अशा साईज येतात. ५० म्हणजे अर्धा मिलिमीटर जास्त. शंभर साईजला बोअर ५१ होतो आणि इंजिन ९८ वरून १०२ सीसी. म्हणजे नुसत्या बोअरने गाडी राक्षस होत नाही, हेही समजून घ्या. दुसरं, पिस्टन आधी हातात घेऊन, मोजून, मगच बोअर मारला का? आधी बोअर मारून नंतर पिस्टन बसवणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. तिसरं, बोअर झाल्यावर पोर्टच्या कडांची धार मारली का? ही धार तशीच राहिली तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. चौथं, रिंगचा गॅप. रिंग नुसती सिलिंडरमध्ये सरळ ढकलून फिलर गेजने दोन टोकांतली फट मोजायची. ५० च्या बोअरला साधारण ०.२ मिलिमीटरच्या आसपास असावी, पिस्टनच्या डब्यावर वेगळं दिलं असेल तर ते पाळावं. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला असतो, हे तर गॅरेजमधल्या बारक्यालाही माहीत असतं, तरी बघून घ्या.

आता ऑइल. मूळ आरएक्सला वेगळी ऑइल टाकी आणि पंप असतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचा पंप कधीच काढून टाकलेला आहे. तसं असेल तर पहिल्या पाचशे किलोमीटरला एक लिटर पेट्रोलमध्ये ३० ते ३५ मिली टू-टी ऑइल टाका. नंतर २५ मिली. पंप चालू असेल तर फक्त पहिल्या टाकीत लिटरमागे १० मिली वरून टाकलं तरी पुरे. मोजताना झाकणाच्या अंदाजावर जाऊ नका, मेडिकलवरचं औषधाचं माप घ्या. फवारणीचं माप वापरू नका.

जास्त ऑइल टाकलं की जास्त सुरक्षित, असं बरेच जण समजतात. तसं नाही. जेटच्या भोकातून ठराविकच माल जातो. त्यात ऑइलचा वाटा वाढला तर पेट्रोलचा वाटा तेवढा कमी होतो आणि गाडी आणखी लीन होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. त्यातून ऑइल घट्ट, ते भोकातून हळू जातं. लिटरला ६० मिली टाकून सीज झालेल्या गाड्या आहेत.

रनिंग कसं करायचं

पहिल्या दिवशी गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही. स्टँडवर चालू करा, रेस हळूहळू वरखाली करत ठेवा. हेडच्या पंख्यांवर बोट ठेवून सहन होईना झालं की बंद करा. पूर्ण गार होऊ द्या, अर्धा-पाऊण तास लागतो. असं तीन वेळा. तापणं आणि गार होणं यात पिस्टन आणि स्लीव्ह आपापला आकार धरतात. तिसऱ्यांदा गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा कसून घ्या, गरम इंजिनवर नाही.

मग रस्ता. पहिले शंभर किलोमीटर अर्ध्या रेसच्या वर जायचं नाही. तीनशेपर्यंत पाऊण रेस. पाचशेनंतर मोकळी. पण नुसतं हळू चालवणं म्हणजे रनिंग नव्हे. एकाच स्पीडने वीस किलोमीटर जाणं नवीन इंजिनला सगळ्यात वाईट. रेस वाढवा, सोडा, पुन्हा वाढवा. वरच्या गिअरमध्ये गाडी घुरघुरत ओढायची नाही, खालचा गिअर टाका. ट्रिपल सीट नाही, मागे चाऱ्याचा भारा नाही, दुधाचे कॅन नाहीत. पाच-सात किलोमीटरला एकदा थांबा.

काही जण म्हणतात, पहिल्यापासून पळवली तरच रिंग बसते. त्यात थोडं तथ्य आहे. रिंग स्लीव्हला घट्ट दाबायला ज्वलनाचा दाब लागतो, आणि कायम मरगळलेल्या चालीने चालवली तर स्लीव्ह चमकून गुळगुळीत होते, रिंग बसत नाही. म्हणून शंभर किलोमीटरनंतर मधूनमधून दोन-तीन सेकंदांचा जोर द्यायचा आणि सोडायचा. दोन-तीन सेकंद म्हणजे तेवढेच. लासूरहून गंगापूरपर्यंत नाही.

आणि उतार. आपल्यापैकी कुणी खुलताबादहून दौलताबादकडे उतरतं, कुणी कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला जातं. उतारावर पेट्रोल वाचवायला रेस पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्येच सोडायची सवय असते. फोर-स्ट्रोकला चालतं. टू-स्ट्रोकमध्ये रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे ऑइल बंद. इंजिन मात्र चाकाच्या जोराने फिरतच असतं. सहा हजार आरपीएमला पिस्टन सेकंदाला शंभर वेळा वरखाली होतो. एवढ्या फेऱ्या कोरड्या. म्हणून उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या, आत ऑइल जाऊ द्या.

पाचशे झाल्यावर गिअर ऑइल बदला. नवीन कामाचा बारीक चुरा त्यात आलेला असतो.

कार्बोरेटर : कुठला जेट कधी काम करतो

आरएक्सला मिकुनीचा कार्बोरेटर असतो. त्यात तीन मुख्य गोष्टी आहेत, आणि तिघांचं काम रेस किती उघडली यावर वाटलेलं आहे. रेस बंद ते पाव उघडी, यावर पायलट जेट आणि बाजूचा हवेचा स्क्रू. पाव ते पाऊण, यावर सुई. पाऊण ते फुल, यावर मेन जेट. हे माहीत नसलं की गाडी खालच्या रेसला अडखळते आणि आपण बदलतो मेन जेट. ताप डोक्याला आणि पट्टी पायाला. एक्सलेटरच्या मुठीवर आणि बाजूच्या हाऊसिंगवर पेनाने खुणा करा, बंद, पाव, अर्धी, पाऊण, फुल. गाडी कुठल्या खुणेवर त्रास देते ते बघा, मग दोष कुणाचा ते आपोआप कळतं.

हवेचा स्क्रू पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर, इथून सुरुवात करा. आत नेला की पेट्रोल जास्त, बाहेर काढला की हवा जास्त. सुईला वर खाचा असतात आणि एक क्लिप. क्लिप एक खाच खाली लावली की सुई वर उचलली जाते, पेट्रोल जास्त येतं. मेन जेटचा नंबर मोठा म्हणजे भोक मोठं. मिकुनीच्या कार्बोरेटरला मिकुनीचाच जेट. दुसऱ्या कंपनीचे नंबर वेगळ्या हिशोबाने असतात, नंबर सारखा म्हणजे भोक सारखं असं समजू नका. आणि जेटच्या भोकात तार घालून मोठं करायचं नाही. दहा-वीस रुपये वाचवायला पिस्टन घालवायचा, हा कुठला हिशोब?

ज्या गाडीत बदल केलेत तिला मूळ जेट बहुतेक पुरत नाही. चेंबर पाईप लावला, पोर्ट मोठे केले, एअर फिल्टर काढला, सायलेन्सरची आतली जाळी काढली, या प्रत्येकाने इंजिन जास्त हवा ओढायला लागतं. पेट्रोल तेवढंच राहिलं तर गाडी लीन. लीन गाडी सुरुवातीला छान पळते, पिकअप मस्त लागतो. फसगत तिथेच होते. त्यामुळे बदल केलेल्या गाडीत रनिंगच्या आधीच मेन जेट एक-दोन नंबर मोठा टाकून ठेवायचा. थोडी फडफडली, धूर जास्त दिला, प्लग काळा झाला तरी चालेल. पाचशे किलोमीटरनंतर मग एकेक नंबर खाली यायचं. मोठ्याकडून लहानाकडे, उलटं कधीच नाही. फिल्टर काढण्याबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे : काढू नका. आपल्या शिवारातला फुफाटा एका हंगामात नवीन स्लीव्ह खातो. स्पंजचा फिल्टर धुऊन, वाळवून, थोडं ऑइल चोळून लावा.

प्लग वाचायला शिका

रनिंग झाल्यावर खरी परीक्षा. नवीन प्लग, कंपनीने सांगितलेल्या नंबरचाच. मोकळा रस्ता किंवा आपलंच रान, डोक्यावर हेल्मेट. तिसऱ्या गिअरमध्ये काही सेकंद फुल रेस, आणि त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद. रेस आधी सोडायची नाही, नाहीतर प्लग दुसरंच काहीतरी सांगतो. (यासाठी समृद्धीवर जाऊ नका, दुचाकीला तिथे बंदीच आहे.) प्लग काढून आतल्या पांढऱ्या चिनी मातीच्या बुडाला बघा. चहाच्या पावडरीसारखा तपकिरी रंग असेल तर जेट बरोबर. काळा आणि ओला म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे लीन, तिथेच थांबा. त्यावर चांदीसारखे बारीक ठिपके दिसले तर पिस्टन वितळायला लागलाय. गाडी ढकलत घरी न्या.

प्लगशिवायही गाडी बोलत असते. रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नसेल, गाडी वरच अडकून राहत असेल, तर ती लीन आहे. चढाला टकटक वाजत असेल तरी तेच. फुल रेसला फोर-स्ट्रोकसारखी फडफडत असेल तर पेट्रोल जास्त.

जेट बदलूनही लीनच दाखवत असेल तर चोर दुसरीकडे आहे. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधलं रबर चिरलेलं असतं, किंवा मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील कडक झालेलं असतं, तिथून फुकटची हवा आत जाते. इंजिन आयडलला ठेवून रबरावर साबणाचं पाणी टाका. आवाज बदलला तर रबर गेलं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलटं होतं, इंजिन गिअर ऑइल पितं आणि पांढरा धूर ओकतं. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत बोअर करताना दोन्ही सील नवीन टाकावेत, त्यात कंजुषी नको.

थंडी आणि ई-२० पेट्रोल

आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंश आणि डिसेंबरच्या पहाटे १२ अंश हे नेहमीचंच आहे. थंड हवा घट्ट असते. ४२ वरून १२ वर आलं की तेवढ्याच जागेत जवळपास दहा टक्के जास्त हवा मावते, आणि कार्बोरेटर पेट्रोल त्या प्रमाणात वाढवत नाही. उन्हाळ्यात बरोबर बसवलेली गाडी म्हणून पहाटेच्या थंडीत लीन होते. गाडी गरमीने सीज होते असं सगळे धरून चालतात, पण थंडीतली सकाळही तेवढीच धोक्याची. तीच गोष्ट उंचीची. आपण समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर वर आहोत, इथली हवा मुंबईपेक्षा पातळ. इथे बेताबेताने बसवलेली गाडी कोकणात नेली तर जेट मोठा करावा लागतो.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं. ऊसवाल्यांसाठी चांगलं आहे, पण जुन्या कार्बोरेटरला हे माहीत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साडेचौदा किलोच्या वर हवा लागते, इथेनॉलला नऊ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला ई-२० इंधन सात-आठ टक्के जास्त द्यावं लागतं. कंपनीने मूळ जेट थोडा मोठाच दिलेला असायचा म्हणून बऱ्याच गाड्या निभावून गेल्या. पण जुन्या पेट्रोलवर काठावर बसवलेली गाडी असेल तर मेन जेट एक-दोन नंबर मोठा लागणारच. रबराच्या नळ्या आणि फ्लोटचं पॅकिंग इथेनॉलने फुगतं, तेही बदलून घ्या.

त्याहून मोठा धोका पाण्याचा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत पाणी जास्त झालं आणि रात्री थंडी पडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतं. टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. कार्बोरेटरला आधी तळातलं जातं, म्हणजे ज्यात ऑइल जवळजवळ नाहीच ते. गाडी महिनाभर उभी असेल तर किक मारण्याआधी पाईप काढून थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या, दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा.

रस्त्यावर कायदा काय म्हणतो

गाडीत परवानगीशिवाय बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चेंबर पाईप हा त्यातच येतो. पंधरा वर्षांवरच्या गाडीची फेरनोंदणी नसेल तर तो वेगळा विषय. शर्यतीचीच हौस असेल तर एफएमएससीआय या संस्थेचं लायसन्स काढून अधिकृत ट्रॅकवर उतरता येतं. देवीच्या रस्त्यावर, बाजारच्या गर्दीत नाही.

फवारणीचा पंपही टू-स्ट्रोकच

ज्यांना गाडीचा नाद नाही त्यांनीही हे वाचावं, कारण पाठीवरचा पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप आणि गवत कापायचं मशीन यातलं बरंचसं टू-स्ट्रोकच असतं. तिथेही तेच नियम. ऑइलचं प्रमाण टाकीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तेच पाळा, शेजाऱ्याच्या पंपाचं नाही. (फोर-स्ट्रोक पंप असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल टाकायचंच नाही, घेताना विचारून घ्या.) नवीन पंपाच्या पहिल्या दोन-तीन टाक्या फुल रेसवर सलग चालवू नका. मिश्रण लागेल तेवढंच करा, पंधरा-वीस दिवसांच्या वरचं वापरू नका. शेवटची फवारणी झाली की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही शिल्लक राहत नाही. मग प्लग काढून भोकात चमचाभर टू-टी ऑइल सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा आणि प्लग लावून माळ्यावर ठेवा.